उगमाचा रकाना

रकाना १ : अर्जदाराचं नाव, वय, धंदा

अंकुश ज्ञानू हसबे. वय चौसष्ट. धंदा गलाई, म्हणजे सोनारांचं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणं. सोबत पत्नी उज्ज्वला, वय एकोणसाठ.

एवढं लिहून अंकुशनं पेन ठेवलं आणि बोटं झटकली. चाळीस वर्षं तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या वाफेत राहून बोटांवरच्या रेषा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. तरुणपणी सिमकार्ड घ्यायला गेला तरी अंगठ्याचं यंत्र त्याला म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा. त्यामुळे आता बोटं लागत नाहीत, दात लागतात, हे कळल्यावर तो खूश झाला होता. दात त्याचे अजून सगळे जागच्या जागी होते.

बनकटीचा नाका म्हणजे एक लांबलचक हॉल. मधोमध फरशीवर हातभर रुंदीचा पांढरा पट्टा. पट्ट्याच्या अलीकडे नेपाळ, पलीकडे भारत. पलीकडच्या दारातून गोरखपूरला जाणारी बस दिसत होती. सकाळचे दहा वाजले होते आणि हसबे नवराबायको चार पिशव्या नि एक पत्र्याची पेटी घेऊन बाकावर बसले होते. पेटीत सोनं वितळवायची मूस, चिमटे आणि आप्पांचा फोटो. आप्पा म्हणजे अंकुशचे वडील, ज्ञानू हसबे, बनकटी बाजारात भट्टी लावणारा पहिला मराठा. दुकान गेल्या आठवड्यात गणेश सोनाराच्या हवाली केलं होतं. आता आंबळवाडी, तालुका खानापूर. कायमचं.

बाजारातल्या लोकांनी कालच निरोप दिला होता. गणेश म्हणाला होता, मराठा सेठ, तिकडं करमलं नाही तर या. अंकुशला हसू आलं होतं. स्वतःच्या गावात माणसाला करमत नाही, असं कुठं असतं?

रकाना २ : जोडलेली कागदपत्रं *(हा रकाना बंद करण्यात आला आहे)*

तरी त्यानं कागद आणले होते. प्लास्टिकच्या पिशवीत, वरून रबर लावून. शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, आप्पांच्या नावाचं पिवळं रेशनकार्ड. टेबलामागच्या नीलम चौधरी या तरुण अधिकारी बाईनं पिशवी हातात घेतली, न उघडता अदबीनं परत दिली. ती हिंदीत बोलत होती, अंकुशही. आठवण म्हणून जपून ठेवा, असं ती म्हणाली. ज्या सुरात हरवलेल्या माणसाचे कपडे परत देतात, त्या सुरात.

कागदांची पत गेली त्याला आता सात-आठ वर्षं झाली होती. घरातल्या फोनला सांगितलं की तो वाटेल त्या वर्षाचा दाखला करून द्यायचा. त्या काळची शाई, त्या काळची बुरशी, मुख्याध्यापकांची थरथरती सही, सगळं. मग बनावट चेहरे झाले, मग बनावट आवाज झाले. नाक्यांवर एकाच नावाची तीन-तीन माणसं उभी राहू लागली, तेव्हा दोन्ही देशांनी करार केला : जे वीस वर्षांहून जास्त पलीकडे राहिले, त्यांचे जुने कागद बाद. त्यांचा दात म्हणेल ते त्यांचं गाव.

अंकुशच्या पिशवीतला शाळेचा दाखला मात्र फोनवर केलेला नव्हता. त्यावर खरी सही होती, खरा शिक्का होता. 'पहिली उत्तीर्ण, जिल्हा परिषद शाळा, आंबळवाडी.' सहा वर्षांचा होईपर्यंत आपण आंबळवाडीत वाढलो आणि मग आप्पांनी बनकटीला आणलं, हे तो आयुष्यभर सांगत आला होता. सांगायचा कसा, तर ऐकणाऱ्याच्या जिभेवर चव यावी असा. गावविहिरीच्या सात पायऱ्या. पाचवी पायरी निसटलेली. काठावरची उंबराची फांदी, तिच्यावर पाय टाकून उडी मारायची. दगडूगुरुजींची चिंचेची छडी. उन्हाळ्यात विहिरीच्या कपारीत ठेवलेली काकडी, बर्फासारखी. उज्ज्वलानं हे अडतीस वर्षं ऐकलं होतं. भट्टी पेटवताना, भट्टी विझवताना, पाहुण्यांपुढं, बाजारातल्या भाडेकरूंपुढं.

रकाना ३ : दात

आधी उज्ज्वलाचा नंबर.

खुर्ची न्हाव्याच्या दुकानातल्यासारखी होती. यंत्राला दंतलेख म्हणत. पेनाएवढी नळी, तिच्या टोकाला बारीक किरण. तो दाढेवरून तिळाच्या हजाराव्या भागाइतकी पूड उडवायचा आणि ती तिथल्या तिथे तपासायचा. चार मिनिटं.

नीलमनं दोघांना समजावून सांगितलं, रोज शंभर जणांना सांगत असावी तसं, पण कंटाळा न करता. जमिनीतल्या खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू असतो. तो एका वजनाचा नसतो, थोडा हलका असतो, थोडा जड. त्यांचं प्रमाण प्रत्येक खडकात वेगळं. दख्खनचा काळा पाषाण पृथ्वीच्या पोटातून लाव्हा होऊन आलेला, त्यात ते प्रमाण कमी. हिमालयाचा खडक फार जुना, त्यात जास्त. पाऊस खडक झिजवतो, धातू पाण्यात उतरतो, पाणी पिकात आणि दुधात जातं, आणि लहान मूल ते पिऊन दात घडवतं. कायमच्या दाढा हिरडीच्या आत पहिल्या सहा-सात वर्षांत घडतात, रोज एक थर, झाडाच्या वलयासारखा. हाडं बदलत राहतात, केस तर महिन्यात बदलतात, पण दाढेचं कवच एकदा झालं की झालं. त्यात तेवढ्या वर्षांचं पाणी बंद होऊन जातं. मग माणूस पुढे साठ वर्षं कुठलंही पाणी पिवो.

"म्हणजे पहिलं पाणी विसरत नाही," उज्ज्वला म्हणाली.

"तुम्ही विसरलात तरी दाढ विसरत नाही," नीलम म्हणाली.

दिवा हिरवा झाला. पडद्यावर एक सरळ रेष आली, पॉइंट सात शून्य आठ. उगम : काळा पाषाण, येरळा खोरं. परतीचा दाखला मंजूर, आज संध्याकाळी सहापर्यंत पट्टा ओलांडावा. उज्ज्वलानं तो कागद दोन्ही हातांनी घेतला. ती आंबळवाडीच्या शेजारच्या हिंगणखोऱ्याची. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन बनकटीला आली, तेव्हापासून दर संक्रांतीला बोरं कुठं मिळतात का म्हणून बाजार पालथा घालणारी बाई. तिनं कागदावरची 'येरळा' ही अक्षरं बोटानं चाचपली आणि पदर डोळ्यांना लावला.

अंकुश खुर्चीत बसला. तोंड उघडलं. चार मिनिटं झाली, पाच झाली. नीलमनं नळी दुसऱ्या दाढेला लावली. पुन्हा चार मिनिटं.

पॉइंट सात तीन एक. पहिल्या थरापासून शेवटच्या थरापर्यंत.

रकाना ३, पुरवणी

उगम : तराई. बनकटी बाजारापासून पंधरा कोसांच्या आत.

रकाना ५ : हरकत असल्यास *(रकाना ४ भरण्याआधी हा भरावा)*

अंकुशनं हरकत घेतली. यंत्र चुकलं असणार. तेजाबाचा माणूस आहे मी, दातावर परिणाम झाला असेल. नीलमनं मान हलवली : तेजाब वरचं कवच खाईल, आतल्या थरांचं पाणी बदलणार नाही. मग त्यानं विचारलं की दात असं म्हणत असेल तर पुढं काय. तिनं सांगितलं. ज्याचा उगम इकडचा, तो तिकडं पाहुणा. वर्षाला तीस दिवस. जसे उज्ज्वलाबाई एकदा पलीकडं गेल्या की इकडं पाहुण्या, त्यांनाही तीसच.

अंकुशनं बायकोकडं पाहिलं. ती दाखल्याची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

हरकतीचे दोन भाग होते. पहिला, आठवण. अर्जदारानं उगमाच्या ठिकाणाचं वर्णन करायचं. यंत्र ते जुन्या नकाशांशी, पाहणीच्या नोंदींशी, आकाशातून काढलेल्या फोटोंशी ताडून बघतं. अंकुशला हे ऐकून धीर आला. यात तो नापास होणं शक्यच नव्हतं. त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि सांगायला सुरुवात केली. सात पायऱ्या, पाचवी निसटलेली. उंबर. शाळेमागची गुरांच्या पाण्याची डोण. म्हसोबाच्या माळावरून खाली येणारी पायवाट, तिच्या वळणावर चुन्याचा घाणा. तो वीस मिनिटं बोलला. पलीकडच्या बाकावरचे दोन मजूर आपलं बोलणं थांबवून ऐकत राहिले.

यंत्रानं एकही चूक काढली नाही. विहीर होती. पायऱ्या सातच होत्या. घाणा वळणावरच होता.

नीलम पडद्याकडं बघत राहिली. मग तिनं पडदा त्याच्याकडं वळवला. तिथं एक जुना, धुरकट फोटो होता, उंचावरून घेतलेला. आंबळवाडी. त्यावर यंत्रानं त्याच्या प्रत्येक वाक्याची खूण केली होती.

"घाणा एकोणीसशे बहात्तरच्या दुष्काळात मोडला," ती हळू बोलत होती. "उंबर त्याच्याही आधी पडला. विहीर ऐंशी साली बुजवली, तिथं पाण्याची टाकी झाली. तुम्ही सांगितलं ते सगळं एकदम जिथं होतं, ते वर्ष अडुसष्टच्या आसपासचं आहे. आणि तुमचा जन्म चौऱ्याऐंशीचा."

अंकुशनं बोटांवर वर्षं मोजली.

अडुसष्ट साली ज्ञानू हसबे सात वर्षांचे होते.

रकाना ५, भाग दोन : साक्ष

गलाईवाल्यांची एक रीत होती. धंदा सेलमला असो, त्रिचूरला असो, कानपूरला असो की बनकटीला, पोराचं नाव गावच्या शाळेच्या पटावर घालायचं. पोर चाळीस दिवसांचं असताना आई त्याला घेऊन भट्टीच्या गावी गेलेली असायची. गुरुजी पटावर हजेरी मांडायचे. परीक्षेच्या आठवड्यात जमलं तर पोराला आणायचं, नाही जमलं तर गुरुजीच समजून घ्यायचे. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. सगळ्या भावकीचं तसंच होतं. परमुलखात राहणाऱ्याला गावाशी बांधून ठेवणारा तो एक दोर होता, आणि दोराला कुणी खरा की खोटा विचारत नाही. फक्त पुढं कधी दातच बोलायला लागतील, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुसरा भाग साक्षीचा होता. ज्याच्या दातात त्याच ठिकाणचं पाणी आहे, अशा एका माणसानं साक्ष द्यायची. यंत्र कितीही हुशार असलं तरी करार करणाऱ्यांनी ही एक फट ठेवली होती. दातानं नाही म्हटलं आणि माणसानं हो म्हटलं, तर माणसाचं ऐकायचं. हो म्हणणाऱ्याला पुढं कसली चौकशी नाही, दंड नाही.

हॉलमध्ये येरळेचं पाणी प्यायलेलं एकच माणूस होतं.

नीलमनं उज्ज्वलाला समोर बसवलं. एकच प्रश्न आहे, तिनं सांगितलं. हो की नाही, एवढंच. आणि तिनं तो प्रश्न इतक्या हळुवारपणे विचारला की तिला कुठलं उत्तर हवंय ते मजुरांनाही कळलं. तुमचे पती लहानपणी आंबळवाडीत राहिले होते का?

अंकुश निर्धास्त होता. ही बाई अडतीस वर्षं गावाच्या नावानं झुरलेली. तिच्याच हट्टानं दुकान सोडलं. एक शब्द, की दोघं संध्याकाळच्या बसमध्ये.

उज्ज्वलानं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "कळायला लागल्यापासून लग्न होईपर्यंत ते गावात सलग आठ दिवससुद्धा राहिले नव्हते."

पंखा फिरत होता. नीलमनं विचारलं, पुन्हा विचार करायचा आहे का. उज्ज्वला म्हणाली, विचार अडतीस वर्षं करतेय.

मग तिनं सांगितलं. लग्न आंबळवाडीत झालं. चौथ्या दिवशी नवरदेवाला जुलाब लागले ते थांबेनात. सगळे हसत होते, सासुरवाडीचं गोड बाधलं म्हणून. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. चुलीपाशी बसून त्यांनी नव्या सुनेला सांगितलं, पोरी, त्याला गावचं पाणीच बाधतं, तान्हा असल्यापासून बाधतं. चाळीस दिवसांचा घेऊन गेले होते मी. पण हे त्याच्यापुढं बोलू नकोस. आप्पांना वाटतं पोरगं गावचं राहावं, त्यालाही तसंच वाटतं, तर वाटू दे.

रकाना ६ : पती-पत्नीमधील संभाषण नोंदवू नये

ते दोघं बाकावर येऊन बसले तेव्हा बारा वाजले होते. डब्यात भाकरी होती, ती कुणी काढली नाही.

अंकुशला राग आला होता, पण तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. बायकोवर, आप्पांवर, की स्वतःच्या दाढेवर. शेवटी तो एवढंच म्हणाला की तुझा दाखला झाला, तुझं काम झालं.

"हां," उज्ज्वला म्हणाली. "बोला. अजून काय असंल ते बोलून घ्या."

"एक हो म्हणायला काय जात होतं तुझं?"

"अहो, मी तुम्हाला तिथं बघितलंय," ती म्हणाली. "यात्रेला जातो आपण. पहिला दिवस तुम्ही गावभर हिंडता. दुसऱ्या दिवशी टाकीपाशी जाऊन उभं राहता. तिसऱ्या दिवशी तुम्ही गप्प होता. अडतीस वर्षांत एकदा चुकलं नाही. मला वाटायचं, पोट बिघडलंय. मग कळलं, तुम्ही विहीर हुडकताय."

अंकुशनं पेटीची कडी चाचपली.

"आन् परत येताना? बनकटीचा पूल आला की तुम्ही शिट्टी वाजवता. रिक्षात बसल्या बसल्या. कुठलं गाणं ते मला अजून माहीत नाही. तुमचं तुम्हाला तरी माहीत हाय का, तुम्ही शिट्टी वाजवता ते?"

त्याला माहीत नव्हतं.

"तिथं कायमचे राह्यला असता तर रोज तिसरा दिवस उजाडला असता. मी माझं गाव बघितलं असतं, का तुमचं तोंड बघत बसले असते?"

पलीकडच्या दारातून बसचा वाहक प्रवासी गोळा करत होता. अंकुशनं विचारलं, मग आता. उज्ज्वलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तिचे वडील सेलमला गलाई करायचे. आई हिंगणखोऱ्यात. वर्षात एकदा यात्रेला यायचे, महिनाभर राहायचे, जायचे. आईनं चौतीस वर्षं तसाच संसार केला, चार पोरं वाढवली, आणि त्या वेळी कुठल्या यंत्रानं अडवलं नव्हतं. हे तिनं असं सांगितलं, जसं कुणी घरातल्या जुन्या भांड्याबद्दल सांगतं.

"आईला तीस दिवस मिळायचे. आपल्याला साठ हायत," ती म्हणाली. "तीस तुमचे, तीस माझे. दुप्पट झाले."

अंकुशला हसायचं नव्हतं. पण तो हसला, आणि हसता हसता त्याला जाणवलं की ही बाई खरंच जाणार आहे, आणि आपण तिला थांबवणार नाही. थांबवण्याचा हक्क त्यानं कधीच गमावला होता, रोज स्वतःचं नसलेलं गाव तिला ऐकवून, आणि तिचं खरं गाव तिला एकदाही न विचारून.

आप्पांच्या फोटोकडं त्यानं पेटी उघडून एकदा पाहिलं. मग पेटी स्वतःजवळ ठेवली आणि चारपैकी तीन पिशव्या तिच्याकडं सरकवल्या. तिन्ही तिच्याच होत्या.

तीन वाजता उज्ज्वला हसबे पांढरा पट्टा ओलांडून गेली. फार काही झालं नाही. पलीकडच्या टेबलावर तिच्या दाखल्यावर शिक्का बसला. तिची बस चारची होती.

रकाना ४ : उगमाची नोंद *(अर्जदारानं स्वतः भरावी)*

अंकुशचं काम संपलं नव्हतं. जुना उगम रद्द झाला होता. नवा नोंदवला नाही, तर तो कुठलाच नाही, आणि कुठलाच नसलेल्या माणसाला पाहुणा म्हणूनही पलीकडं सोडत नाहीत. तीस दिवससुद्धा नाही. नियम असा होता : दाताच्या वयातली, म्हणजे सातव्या वर्षाच्या आतली, त्या ठिकाणची एक तरी आठवण स्वतःच्या शब्दांत द्यायची. दात आणि आठवण जुळली की नोंद पक्की. नोंदणी चार वाजता बंद व्हायची.

नीलमनं माइक पुढं केला. अंकुश बोलायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं, तिथं काहीच नाही.

सातव्या वर्षानंतरची बनकटी त्याला घरासारखी पाठ होती. त्याच्या आधी मात्र फक्त उंबर होता, सात पायऱ्या होत्या, चिंचेची छडी होती. आप्पा भट्टीपुढं बसून सांगायचे आणि मांडीवरचं पोर ऐकायचं. त्या सहा वर्षांच्या जागेत आप्पांनी आपलं सगळं बालपण आणून ठेवलं होतं, इतकं गच्च की पोराचं स्वतःचं ठेवायला कोपरा उरला नव्हता. अंकुशनं डोळे मिटले. पुन्हा उंबरच आला.

साडेतीन झाले.

तुमच्या घरात कोण होतं, नीलमनं विचारलं. आई, आप्पा, मी, धाकटी बहीण मंदा. मंदा कधी झाली? मी चार वर्षांचा असताना, गावी. आई बाळंतपणाला गावी आली, तेव्हा मी गावात तिची वाट बघत होतो, असं तो सांगत आला होता. आता हे सांगताना तो मध्येच थांबला. तो गावात नव्हता. मग आई गावी गेली तेव्हा तो कुठं होता?

नोंदीसाठी दाढेचा एक शेवटचा थर लागतो, असं म्हणून नीलमनं पुन्हा नळी लावली. किरण दाढेवर पडला आणि अंकुशच्या नाकात करपल्याचा वास शिरला. हाड जळाल्यासारखा, केस जळाल्यासारखा. त्याला तो वास ओळखीचा वाटला. सोनारांच्या दुकानातला केर जाळल्यावर असाच वास येतो. केरात चिंध्या असतात, केस असतात, नखं असतात, आणि सगळं जाळल्यावर तळाशी सोन्याचे कण राहतात. दुकानामागं केराचा ढीग धुमसतोय. आप्पा फुंकणीनं फुंकतायत. आणि त्याच्या अंगाला खाज सुटलीय.

"कांजिण्या," तो म्हणाला.

नीलमनं नळी काढून घेतली आणि माइक सुरू केला.

"मला कांजिण्या आल्या होत्या. म्हणून आईनं मला नेलं नाही. ती एकटी गेली गावाला. मी इथं होतो, आप्पांजवळ." तो भराभरा बोलायला लागला, मराठीत, आपण मराठीत बोलतोय हे न कळता. यंत्र ते उतरवून घेत होतं. "दुकानामागं हापसा होता. त्याचं चामडं झिजलं होतं. पाणी वर यायचं नाही. आधी वरून तांब्याभर पाणी ओतायचं, मग हापसायचं, मग तो पाणी धरायचा. म्हणून गल्लीचा नियम होता. पाणी भरलं की जाताना तांब्या भरून हापशापाशी ठेवायचा, पुढच्या माणसासाठी. कायम एक तांब्या तिथं असायचा. पितळी. काठाला पोचा होता."

पांढऱ्या पट्ट्यापलीकडं वाहकानं हाक दिली, गोरखपूर. उज्ज्वला पिशव्या उचलून दाराकडं निघाली होती. ती थांबली.

"जेठ महिन्याचं ऊन होतं. मला ताप होता. आप्पा भट्टीवर होते, उठता येत नव्हतं, सोनं पातळ झालेलं. मला तहान लागली, नि मी जाऊन तो तांब्या पिऊन टाकला. सगळा. मग हापसत बसलो. दांड्याला लोंबकळत होतो, एवढासा होतो मी. हापसा नुसता हवा ओढायचा, खर्र खर्र. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन आल्या. कुणाच्याच घरात पाणी नाही. सगळ्यांचं पाणी मीच प्यायलो होतो. मी रडायला लागलो. मला वाटलं, आता आई येणार नाही."

चार वाजले. बस सुरू झाल्याचा आवाज आला. उज्ज्वलानं पिशव्या खाली ठेवल्या. पुढची बस सहाची होती. ती पट्ट्यापर्यंत परत आली आणि चपलांची टोकं पांढऱ्या रंगाला लागतील न लागतील अशी उभी राहिली. आंबळवाडीची विहीर तिनं हजारदा ऐकली होती. ही गोष्ट तिनं कधी ऐकली नव्हती.

पडद्यावर कधीच हिरवी खूण आली होती. दात आणि आठवण, जुळली. नीलमनं यंत्र बंद केलं नाही, आणि त्यालाही थांबवलं नाही.

"फुलमती नावाची बाई होती," अंकुश सांगत होता. त्याचा चेहरा ओला झाला होता आणि ते त्याच्या गावी नव्हतं. "थारू आदिवासींच्या टोल्यातनं, वस्तीतनं, डोक्यावर मडकं घेऊन ताक विकायला यायची. कानात एवढाल्या बाळ्या. ती आली, तिनं मला बघितलं, हापसा बघितला. डोक्यावरनं मडकं उतरवलं. बायका म्हणतायत, अगं काय करतेस. तिनं सगळं ताक हापशात ओतलं. अख्खं मडकं. आणि मला दांड्यावर उचलून ठेवलं, म्हणाली, हाप."

तो थांबला.

"मग?" पट्ट्यापलीकडून उज्ज्वलानं विचारलं. "आलं का पाणी?"

अंकुशनं मान वर केली. ती बारा पावलांवर उभी होती.

"आलं," तो म्हणाला. "पांढरं आलं. गल्लीतली सगळी पोरं ओंजळी धरून पीत होती. आणि मग स्वच्छ आलं."